ह्यांनी चालू केलेलं मशीन

१२ ऑक्टोबर २००८

पान चुकलं! बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात रोज आमच्या मशीनचं, घरच्या कॉम्प्युटरचं, हवामानाचं पान उघडून फळ्यावर उतरवतात. आज लिहिलं — 'समुद्र शांत.' आणि वारा एवढा की दिरांची होडी कशीबशी आत आली. सुदेश भावजी भिजलेले, तरी हसत म्हणाले, "वैनी, दादाचा मशीन निजला काय गो?"

मला हसू आलं नाही.

१३ ऑक्टोबर

ह्यांच्या प्रोग्रामचे छापील कागद काढले, शब्दकोश शेजारी. हे असताना मी दुपारी लपून वाचायचे. दहावी शिकलेली बाई, ह्यांना काय विचारणार!

ह्यांचा प्रोग्राम सर्व्हर आहे — मागेल त्याला पान देतो. क्लायंटही आहे — हवामानाच्या साईटकडे स्वतः मागायला जातो. पण मागून ताटकळत बसत नाही. उत्तर येईतो दुसऱ्यांची कामं करतो. उत्तर आलं की काय करायचं, ते आधीच लिहिलेलं असतं. ह्यांनी वापरलेल्या ट्विस्टेड नावाच्या लायब्ररीची, म्हणजे तयार प्रोग्रामांच्या संचाची, सगळी खुबी हीच.

संध्याकाळी सापडलं. उत्तर आलं तर काय, ते ह्यांनी लिहिलंय. आलंच नाही तर — काहीच नाही! साईट गप्प आहे, आणि मशीन जुनंच पान देतंय. शांत समुद्राचं.

१४ ऑक्टोबर

दुरुस्ती लिहिली. ठरावीक वेळ थांब. उत्तर नाही आलं तर पानावर तसं सांग. पण त्यासाठी प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायला हवा.

तो ह्यांनी चालू केलेला. ह्यांना आस्पतळात नेलं त्या सकाळी, अंगात ताप असताना. तिथून परतले नाहीत. वर्ष उलटलं. करंट गेला की आम्ही होडीची बॅटरी लावतो, पण थांबू देत नाही. ह्यांचं तेवढंच एक अजून चालतंय.

नाही होत माझ्याने.

१५ ऑक्टोबर

कारखान्यात सांगून आले, पान बघू नका. पण विजयदुर्गालाही बघतात, तिथे कोणाला सांगू? सासूबाई चुलीपासून ओरडल्या, "गेलो तो गेलो. आता मशीनीपायी दुसरीच्या घोवाक बुडवतलंस?" दुसरीचा नवरा. खरंच आहे.

१६ ऑक्टोबर

बंद केलं. पडदा काळा. 

मग मीच चालू केलं. पान उघडलं — 'आजची माहिती मिळाली नाही. जुन्यावर विसंबू नका.' विजयदुर्गातून कारखान्यात फोन आला, होड्या काठावरच ठेवल्यात म्हणे.

जेवण गेलं नाही.

१७ ऑक्टोबर

भावजी ओट्यावर बसले. माझ्याकडे बघेनात. "वैनी, रडा नको. ता मशीन गेल्या दिवाळीतच बंद पडलला. बॅटरी उतरलली. मीच परत चालू केलंय. तुका सांगूक धीर झालो नाय."

 विचारलं, तुम्हाला कोणी शिकवलं?

"दादान. आस्पतळात जाताना. दादा म्हणालो, 'तुझी वैनी लपान कागद वाचता ता माका म्हायत आसा. ती शिकापर्यंत तू बघ. मगे तीच बघतली.'"