म्शाना कोळी

४ एप्रिल, सकाळी ७
निवृत्त होऊन तीन महिने झाले. म्शाना मास्तर संपले, असं गावाला वाटत असेल. आज परसातल्या पांढऱ्या शेवंतीवर पांढराशुभ्र कोळी दिसला. जाळं नाही. खेकड्यासारखा तिरका चालतो. अख्ख्या पारे डोंगरात कुणी पाहिला नसणार. नाव ठरलं: म्शाना कोळी. प्रसिद्धीची हाव मला कधीच नव्हती.
नाकिज्वाला दाखवला. म्हणाली, "अहो, हे माझ्या आजीच्या परसातही असायचे." बायकोला शास्त्र कळत नाही. चालायचंच.

५ एप्रिल
दार-एस-सलामला विद्यापीठात फोन. डॉ. कोकुटोना म्हणून बाई कोळ्यांवर काम करतात. सतरा तारखेला इकडेच येणार आहेत, डोकावतील. गावच्या चेअरमनना सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, मग सभाच बोलावू!" मी नको म्हटलं. एकदाच.

८ एप्रिल
नाकिज्वा चर्चसाठी शेवंती तोडायला निघाली. अडवली. "मग देवाला काय, कोळी वाहू?" म्हणाली. शेवटी कोळी उचलून सूर्यफुलावर ठेवला. निश्चय: दिवसातून चार वेळा निरीक्षण.

१३ एप्रिल
भाषण लिहिण्यात पाच दिवस गेले, निरीक्षण राहिलं. आज बघतो तर पांढरा गायब. त्याच फुलावर पिवळाधमक कोळी! दुसरा शोध! नाकिज्वा म्हणाली, "फूल पिवळं म्हणून तोच पिवळा झाला असेल." हसलो. मी रोज मक्याच्या पिठाची पांढरी उगाली खातो, झालो का पांढरा?
पिवळ्याच्या पाठीवर बारीकसा तपकिरी गोचीड बसलाय. काडीने उडवला. संध्याकाळी परत हजर.

१५ एप्रिल
गोचीड एकूण अकरा वेळा उडवला. निर्लज्ज प्राणी. कोटाला इस्त्री केली.

१७ एप्रिल, दुपारी
सगळा गाव परसात. डॉक्टरबाईंनी भिंग लावलं. म्हणाल्या, "छान! पण मास्तर, ही जात फार जुनी, माहितीतली. पांढरा-पिवळा एकच. फुलाप्रमाणे रंग बदलते ती."
ती?
"मादी आहे ना ही."
निदान गोचिडाबद्दल तरी विचारलं. बाई म्हणाल्या, "तो हिचा नवरा. नर एवढासाच असतो."
नाकिज्वाने विचारलं, "आणि दिवसभर करतो काय तो?"
"विशेष काही नाही. पाठीवर बसतो."
बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. चेअरमनही. भाषण खिशातच राहिलं.
मग बाई नाकिज्वाजवळ तासभर बसल्या. आजीच्या वेळी कोळी कुठल्या फुलावर, कुठल्या महिन्यात, सगळं विचारलं. निघताना भिंग तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "दर महिन्याला मला कळवा हं."

१८ एप्रिल
संशोधन चालू आहे. नाकिज्वा बघते, सांगते. मी वहीत उतरवतो. तिच्या एका वाक्यातलं व्याकरण सुधारलं तर म्हणाली, "मास्तर, सांगितलं तेवढंच लिहा."