शेंदूर लावलेला वाल्व

मिस्तरी, हे लिहायचं मी किती वर्षं पुढं ढकललं ते तुम्हाला सांगायचीसुद्धा लाज वाटते. कधी शाई नव्हती, कधी गावच बदललं. खरं म्हणजे हिंमत नव्हती. मधल्या काळात मी एसटीवर क्लीनर होतो, ढाणकीच्या बाजारात मिरचीची पोती शिवली, एका तंबू टॉकीजबरोबर उमरखेडपर्यंत हिंडलो. त्या तंबूचं सांगत बसलो तर कागद संपेल. परवा सुट्टीवर कळंबला बहिणीकडं आलो आणि भाकरी थापता थापता ती सहज बोलून गेली, "तुया मिस्तरीची बायको दर चतुर्थीले येते इथं. चिंतामणीपुढं नाक घासते. नवऱ्यानं देव खरवडला म्हणून माफी मांगते." तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ही बाई अजून माफी मागते आहे.

सध्या मी दूर एका कारखान्यात आहे. तिथं स्फटिक पिकवतात. हो, पिकवतात! तोफेच्या नळीसारखं जाड पोलादी भांडं, तळाशी गारगोटीचे तुकडे, त्यावर सोड्याचं पाणी आणि वरच्या अंगाला तारेवर टांगलेल्या स्फटिकाच्या पातळ चकत्या. झाकण आवळून महिनाभर तापवत ठेवायचं. गारगोटी पाण्यात विरघळते, वर चढते आणि चकत्यांवर बसत जाते. रेडिओच्या कामी येतात म्हणे. तुम्ही असता तर भांड्याला एक फेरी मारून आधी विचारलं असतं, दाब किती? आपल्या बॉयलरच्या कितीतरी पट, मिस्तरी. म्हणून झाकण आवळण्याआधी वाल्वची वेगळी चाचणी होते, आणि ती मी दोनदा करतो. सोबतचे चिडवतात, "आला वाल्वचा पुजारी!" त्यांना काय माहीत ते किती खरं बोलतात.

तो दसरा तुम्ही विसरला नसाल. यवतमाळच्या आपल्या कापूस-गाठींच्या प्रेसमध्ये हंगाम सुरू व्हायचा होता, तुम्ही सणाला तांड्यावर गेला होतात, आणि तुमच्या हाताखालचा म्हणून बॉयलरची पूजा माझ्यावर आली. बायांनी ओवाळलं, कोणीतरी तेलात कालवलेला शेंदूर आणला. बॉयलरच्या माथ्यावर तो सेफ्टी वाल्व, गोल डोक्याचा, दांडीला वजन लटकलेलं. मला तो थेट मारुती दिसला. मी वर चढलो, बोटभर जाड शेंदूर थापला, वरून डोळेसुद्धा काढले. खालून एक प्रेसवाली म्हणाली, "वा रे पोट्ट्या, यंदा आता काई भेव नाई." मलाही तसंच वाटलं. तेल ओघळून सांध्यात उतरतं आहे, हे मनातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी भट्टी पेटवली. ऊन वर आल्यावर तुम्ही आलात, अंगावर अजून मोटारीची धूळ, आणि दारातच थबकलात. दाबाचा काटा लाल रेघेच्या पुढं गेलेला आणि वाल्व गुमान बसलेला. "कायले पाहून राह्यला बे? आग ओढ! सगळ्याइले बाहीर काढ!" मी आकड्यानं जळती लाकडं ओढतो आहे, बाया लेकरं काखेत मारून पळताहेत, आणि तुम्ही पळून न जाता त्या भट्टीपाशी उभे राहून वाफ सोडायचा दुसरा कॉक हातानं उघडता आहात. वाफ किंचाळत बाहेर पडली आणि काटा खाली येऊ लागला. दुपारनंतर बॉयलर थंड झाला. शेंदूर तापून खापरासारखा कडक झाला होता, तो तुम्ही पटाशीनं काढायला घेतलात. तेवढ्यात माणसं परत आली, आणि त्यांनी एवढंच पाहिलं की मिस्तरी देव खरवडतो आहे.

मॅनेजरनं विचारलं, "कोणी खरवडला?" लावला कोणी, हे कोणीच विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, "म्या." मी हातभर अंतरावर आकडा घेऊन उभा होतो. तुमची नजर एकदा माझ्यावर आली आणि पुढं गेली. त्याच दिवशी तुम्हाला काढलं. फाटकापर्यंत मी तुमची पेटी उचलून आलो आणि वर तोंड करून विचारलं, "काहून नाई सांगतलं मिस्तरी?" जसं काही सांगायचं काम तुमचंच होतं! तुम्ही म्हणालात, "वाफेले देव समजत नाई, बाप्पा. तिले वाट लागते. रोज सकायी दांडी उचलून पाहत जा, फुस्स झालं पाह्यजे." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच हिवाळ्यात तुम्ही तापानं गेलात, आणि तांड्यावर सगळ्यांनी ठरवून टाकलं की देव कोपला.

आता उरलेलं. कारखान्यातल्या साहेबांना मी ही गोष्ट सांगितली आहे. त्यांना ती इतकी पटली की नवा माणूस आला की मलाच सांगायला लावतात. पण माझ्या गोष्टीत शेंदूर मिस्तरी लावतो आणि पटाशी माझ्या हातात असते. पहिल्यांदा तसं तोंडातून गेलं, मग तेच चालू राहिलं.

इथवर लिहून घडी घालत होतो, टाकणार कोणत्या पेटीत म्हणून स्वतःशीच हसत होतो, तेवढ्यात बहिणीनं हाक मारली. आज चतुर्थी नाही, काही नाही, पण राळेगावच्या एसटीनं काकी, तुमची बायको, आल्या आहेत. मिस्तरीच्या हाताखालचा माणूस आला आहे, असं कोणीतरी त्यांना सांगितलं. "माया माणसाचं काई सांगशीन का रे?" म्हणतात. पाणी पिऊन ओसरीवर बसल्या आहेत. हा कागद त्यांच्या हाती देऊन मोकळं व्हावं म्हटलं, तर काकींना वाचता येत नाही.