टेकडीवरचा कंद

माय, तुले नमस्कार.

मी नागपुरात बरी आहो, डबा चांगला येते. तुये गुडघे कसे आहेत?

तू पाठवलेल्या रानकंदाच्या पानांची जनुकं मी इथल्या प्रयोगशाळेत तपासली. टेकडीवरची सारी झाडं एकच निघाली वं, एकाच झाडाचे तुकडे. कंद काढला की त्याचा शेंडा परत मातीत पुरायचा, हे तुले आजीनं शिकवलं, तिले तिच्या मायनं. त्या बाया गेल्या, झाड तेच आहे. बी धराले पराग लागते जोडीच्या दुसऱ्या झाडाचा, ते कुठंच उरलं नाही, म्हणून हे फुलते पण बी धरत नाही.

जेवतानाही तीच फुलं दिसून राहिली.

शेंडा मात्र पुरत जा.

बाबा जाऊन वर्ष झालं. सांजच्याले अजून त्याइले हाक मारते का? मारत जा. ते झाडही दरसाल फुलतेच.

तुयी,
श्वेता