काकांची भीती आणि क्रिप्टोचा भाव

ता. ९ जानेवारी

चि. भोपळ्यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. लिहायला बसलो की काय लिहावं हेच सुचत नव्हतं. फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते. शिवाय माझी लेक म्हणते, बाबा, तुम्ही ऐकता कमी आणि घाबरता जास्त. तेव्हा कागदच बरा.

तिच्याकडूनच कळलं की तू चष्म्यांच्या काचा घासायच्या सोडून दिवसभर त्या क्रिप्टोचा भाव बघत बसतोस आणि दुकानाची कमाई त्यात घालतोस. भाव चढणार की पडणार हे म्हणे तुला आधीच कळतं. मी चौथी शिकलेला माणूस, जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, मला त्यातलं काय कळणार. पण मी जिथे कामाला जायचो त्या एका मोठ्या कचेरीत एक पहारेकरी होता. लिफ्ट निघायच्या आधी तो दारावर हाताने थोपटायचा आणि सांगायचा, जाईल नीट. ती नीट जायची, कारण तिची तार मी वेळेवर बदललेली असायची. लोकांना वाटलं, गुण त्याच्या हातात आहे. पुढे त्याने थोपटल्याशिवाय कुणी आत पाय ठेवीना, आणि त्यालाही ते खरं वाटायला लागलं. एक दिवस लिफ्ट मधेच अडकली, तर म्हणाला, आज माझा हात हलका पडला. दुसऱ्या दिवसापासून तो जोरात थोपटायला लागला.

तुझं तसं काही होत नाही ना? वहिनी आणि दादा आज असते तर मी गप्प बसलो असतो. आता मीच उरलोय. शिवाय इथे गच्चीवरची पाण्याची टाकी गळते आहे आणि ती बरोबर माझ्या खाटेच्या वर आहे. रात्रंदिवस तिकडेच लक्ष.

सूनबाईला आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझा काका

ता. २० जानेवारी

ती. काकांना सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार बरं वाटलं. ज्या माणसाने जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः मात्र पाचव्या मजल्यावर जिन्याने चढतो, तो मला धीर देईल अशी आशा नव्हतीच.

काका, हा तुमच्या पहारेकऱ्याचा खेळ नाही. याचा अभ्यास असतो. मी आलेख बघतो, बातम्या वाचतो, मगच अंदाज करतो. आजवर माझा अंदाज चुकलेला नाही. एकदा चुकला, पण तेव्हा बाजारच वेड्यासारखा वागला, माझा हिशेब बरोबर होता.

एक गंमत सांगतो. तुमचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात भाव चढला. मागे तुम्ही गॅसच्या नळीला घाबरला होता, तेव्हाही चढला. डोळ्याच्या ऑपरेशनला घाबरला होता, तेव्हाही. तेव्हा लिहीत राहा आणि मनसोक्त घाबरा.

खाट टाकीखालून सरकवा. असाच लोभ करत राहा.

तुमचा भोपळ्या

ता. १६ फेब्रुवारी

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. वाचून फाडून टाका.

तुमची पत्रं आता आमच्या घरात राहिलेली नाहीत. हे ती दुकानात गल्ल्यापाशी मोठ्याने वाचतात. समोरचे औषधवाले आणि शाळेतल्या बाई ऐकायला येतात. तुम्ही किती घाबरला आहात ते बघायचं, आणि जास्त घाबरला असाल तर क्रिप्टो विकत घ्यायचं, असं ठरलेलं आहे. परवा तुम्ही जावईबापूंच्या खोकल्याबद्दल चार पानं लिहिलीत. औषधवाल्यांनी मान हलवून, हे मोठं आहे, असं सांगितलं. आणि काका, भाव खरंच चढला. आता पोस्टमन दिसला की औषधवाले गिऱ्हाईक सोडून रस्ता ओलांडतात.

मी यांना म्हटलं, हा योगायोग आहे. तर म्हणाले, योगायोग एकदा होतो, दर वेळी होत नाही. गेल्या आठवड्यात काच घासायचं यंत्र विकलं. चष्मे आता बाहेरून करून आणतात, त्यातले निम्मे तक्रार होऊन परत येतात.

एक मागणं आहे. ज्यात तुम्ही जराही घाबरलेले नाही असं एक पत्र लिहा. निदान महिनाभर हे हात बांधून बसतील.

तुमची माया हाच आधार.

आपली सूनबाई

ता. २४ फेब्रुवारी

चि. भोपळ्यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं उत्तम आहे. मला कशाचीही भीती वाटत नाही.

टाकी भक्कम आहे, गळते ती थोडीशी, आणि लोखंड काही एकदम तुटत नाही. जावयाचा खोकला गेला. रात्री येतो, पण रात्री सगळ्यांनाच येतो. काल मी लिफ्टने वर आलो. तिसऱ्या मजल्यावर ती जरा थरथरली, त्यात विशेष काही नाही. डॉक्टर म्हणाले, छातीत काही दोष नाही. दुसऱ्यांदा तपासलं ते सहजच असेल. नातवंडं रस्ता ओलांडून शाळेत जातात. गाड्या चालवणारे लोकही बापच असतील कुणाचे तरी.

तेव्हा मी अगदी आनंदात आहे. तूही आनंदात राहा आणि काही करू नकोस.

लोभ वाढवावा.

तुझा काका

ता. ५ मार्च

ती. काकांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून माझ्या अंगावर काटा आला. काका लिफ्टमध्ये बसले, हे ऐकून शाळेतल्या बाई मटकन स्टुलावर बसल्या. औषधवाले म्हणाले, भीती हद्दीपलीकडे गेली की माणूस ती कबूल करत नाही. मला ते पटलं. होतं नव्हतं ते सगळं मी क्रिप्टोत घातलं, आणि भाव असा चढला की आजवर कधी चढला नव्हता.

याला नशीब म्हणू नका, काका. ही विद्या आहे. अर्धी तुमच्यात आहे आणि अर्धी माझ्यात.

सोबत एक कागद आहे. दुकान गहाण ठेवून कर्ज काढतो आहे. आजोबांनी दुकान बाबांच्या आणि तुमच्या नावावर केलं, त्यामुळे तुमची सही लागते. पेन्सिलीने खूण केली आहे तिथे करा. आणि सही करताना मनात काय वाटलं ते खरं खरं लिहा, लपवू नका.

आशीर्वाद असू द्या.

तुमचा भोपळ्या

ता. १२ मार्च

चि. भोपळ्यास आशीर्वाद.

कागद सही न करता परत पाठवतो आहे.

मला भीती वाटते. कधी वाटली नाही सांग? तुझा जन्म झाला तेव्हा तुझं डोकं एवढं मोठं होतं की मी आठवडाभर जेवलो नाही. बाकीच्यांनी हसून तुला भोपळ्या म्हटलं, मी मात्र डॉक्टर शोधत होतो. भाव चढतो त्या दिवशी मी घाबरलेला असतो आणि पडतो त्या दिवशीही असतो. माझं पत्र आलं त्या आठवड्यांकडे तेवढं तू बघितलंस. पत्र आलं नाही तेव्हा मी काय छाती काढून फिरत होतो?

तू रागावशील, बोलणं टाकशील. टाक. दुकान राहू दे.

तुझा काका

ता. २ एप्रिल

चि. भोपळ्यास अनेक आशीर्वाद.

उशीर झाला म्हणून माफी मागतो. सूनबाईचं पत्र आल्यापासून हातात पेन धरवत नव्हतं. तिने लिहिलं की भाव कोसळला आणि तू घातलेलं सगळं बुडालं. औषधवाल्यांचंही बुडालं, बाईंचंही. दुकान तेवढं उभं आहे.

ते वाचून मी रडलो. पण त्यापुढचं वाचलं तेव्हा रडणं थांबलं. तू म्हणे दुकानात सगळ्यांना सांगतोस की काकांना आधीच कळलं होतं, म्हणूनच त्यांनी सही केली नाही, चूक माझ्या वाचण्यात झाली. येत्या रविवारी मला न्यायला येणार आहेस. दुकानामागच्या खोलीत माझी खाट टाकली आहे. रोज सकाळी मला विचारणार आणि मग दुकान पणाला लावायचं की नाही ते ठरवणार. औषधवाल्यांनी खोलीला नवा पंखाही बसवला.

बाळा, मला काही कळलं नव्हतं. मी कुठल्याच कागदावर सही करत नाही. लेकीच्या शाळेच्या सहलीच्या कागदावरसुद्धा केली नव्हती. सगळा वर्ग समुद्र बघून आला, ती घरी बसली, आणि अजून मला ते ऐकवते. ती सहल सुखरूप परत आली होती. या वेळी भाव चढला असता तर मी जन्माचा करंटा ठरलो असतो आणि सही न करणारा हात हाच असता. या हातात विद्या नाही. त्याला एकच गोष्ट येते, ती म्हणजे मागे सरणं.

विद्या तुझ्या हातात होती. काचेचा नंबर चुकला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहायचं, आणि तू चूक दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नव्हतास. काच पुन्हा घासायचास. यंत्र घेणाऱ्याकडे जा, भाड्याने देतो का विचार.

मी तिकडे येणार नाही. आलो तर तू माझ्या तोंडाकडे बघत राहशील. मी चहा सांडला तरी त्यातून भाव काढशील, आणि पुढच्या वेळी दुकान जाईल ते माझ्या तोंडावरून जाईल. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. ही भीती तुझ्याविषयी आहे, भावाविषयी नाही. तेवढा फरक तरी ओळख.

हे पत्र दुकानात वाचू नकोस. घरी सूनबाईसमोर वाच. रविवारी गाडीत बसू नकोस आणि यंत्राचं काय झालं ते दोन ओळींत लवकर कळव. फार लवकर कळव.

तुझा काका