फोर-एटी-सिक्सला अधिकार नाही

१३ सप्टेंबर १९९८, रविवार

पुण्याहून आशयचा फोन. आमचा नवा वृत्तसंपादक. मी दिल्लीतून पहिली बातमी धाडली तेव्हा याचे बहुधा दुधाचे दात पडत होते. "सर, एक डिसेंबरपासून फॅक्स बंद. कॉपी ई-मेलनं, आपल्या नव्या मराठी सॉफ्टवेअरमधून. ते फक्त विंडोज अठ्ठ्याण्णववर चालतं. ज्यांना जमणार नाही त्यांना आपण पुण्याला डेस्कवर घेतोय."

घेतोय! जणू कडेवर.

म्हणजे टेबलावरचा माझा जुना संगणक नव्या चालीला लागला नाही, तर मी पुण्यात आणि बायको, विजयालक्ष्मी, इथे दिल्लीत, कृषी भवनातल्या नोकरीत. ऑफिस नवा संगणक देणार नाही. आणि या फ्लॅटचे हप्ते चालू असताना आम्ही तो घेणार नाही. हिला सांगितलं. गवार मोडत होती.

"पुण्यात राहाल कुठे?"

"राहतोय कशाला? जाणारच नाही मी."

"बरं," म्हणाली. गवारीच्या शेंगेला म्हणाली असावी.

१६ सप्टेंबर

नेहरू प्लेसच्या संगणक-बाजारात जाऊन आलो. दुकानदार पोरगेला, गळ्यात मोबाइल. मी आपलं सांगितलं— फोर-एटी-सिक्स, पंचवीस मेगाहर्ट्‌झ, आठ एमबी मेमरी. जाहिरातीत वधूची उंची सांगावी तसं. त्यानं शेजाऱ्याला हाक मारली, "सुन यार, अंकल क्या बोल रहे हैं!" मग माझ्याकडे वळून, अतीव सौजन्यानं— "अंकलजी, इसको म्यूज़ियम में दे दो."

विंडोजचं पाकीट तेवढं घेऊन आलो; त्याच्या पाठीवर छापलंयच. किमान प्रोसेसर इतका, किमान मेमरी तितकी. आमच्या संस्कृत पाठशाळेत याला अधिकारविचार म्हणत. ग्रंथ उघडण्याआधी ठरवायचं, कुणी वाचायचा आणि कुणी दारातून परत जायचं. काही बदललेलं नाही. फक्त आता ते खोक्यावर छापून देतात.

२० सप्टेंबर, रविवार

खालच्या मजल्यावरचे गुलाबराव चहाला. अमरावतीकडचे. तारखात्यातून निवृत्त. आयुष्यभर तारा जोडल्या, आता मोकळी तार दिसली की हात शिवशिवतात. माझं गाऱ्हाणं ऐकून घेतलं, संगणकाच्या डोक्यावर थाप मारली.

"श्रीरंगराव, हे 'चालत नाही' आणि 'चालवू देत नाही' यात फरक असते राजे हो. कंपनी म्हणते चालणार नाही. यंत्राला कोणी विचारलं?"

त्यांच्या घरच्या संगणकाची सीडी ड्राइव्ह आणि मोडेम दोन-तीन महिने उसने देणार आहेत. स्वयंपाकघरातून हिचा आवाज— "गुलाबराव, त्यांना फार आशा लावू नका."

"वहिनी, आशा नाही, केबल लावतो."

२३ सप्टेंबर

हिची ऑफिसला नेणारी चार्टर्ड बस आज आलीच नाही. घरी पोचली तेव्हा बाल्कनीसमोरच्या अर्ध्या इमारती अंधारात बुडल्या होत्या. इथल्या इमारती मला आवडतात. खांब उभे, भिंती नाहीत, मजल्यामजल्यातून हिंडन नदीच्या बाजूचं आभाळ आरपार दिसतं. वाटतं, या शहराचं अजून स्वप्नच चालू आहे. जाग येईपर्यंत भिंती होतील.

हिला तसं म्हटलं. चपला काढता काढता म्हणाली, "अहो, इथे संध्याकाळ होते कुठे? दिवसाचा एकदम अंधार होतो."

३० सप्टेंबर

खंडेनवमी. विळी, कात्री, माझं पेन, हिचा कॅल्क्युलेटर, सगळे पाटावर ओळीनं. संगणक पाटावर मावेना म्हणून जागच्या जागी पूजा. हळदकुंकू, झेंडू, भरपूर अक्षता. "यंदा त्याला जास्त गरज आहे," ही म्हणाली. मी हात जोडले. पाठशाळेतला माणूस विंडोजसाठी हात जोडतोय, गुरुजींनी पाहिलं असतं तर पुन्हा पहिल्या सूत्रापासून बसवलं असतं.

४ ऑक्टोबर, रविवार

अशुभ आरंभ. संगणक जागा करायला फ्लॉपी घातली तर ड्राइव्हमधून नुसतं खर्र-खर्र. दुसरी घातली. खर्र. गुलाबराव म्हणाले, ड्राइव्ह गेली. मला पुण्याचं डेस्क दिसू लागलं, डेस्कवरचा पंखाही.

त्यांनी झाकण काढलं. ड्राइव्ह उलटी करून हलवली. टेबलावर पडले तांदळाचे दाणे— कुंकवात माखलेले!

"वहिनी, संगणकाला अक्षता वाहिल्या काय तुम्ही?"

"मग काय सरकी वाहायची?"

"अहो, पण तोंडात!"

"नैवेद्य तोंडातच देतात, गुलाबराव."

तासभर तिघांनी चिमट्यानं अक्षता वेचल्या. ही इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिली. शेवटचा दाणा निघाला आणि फ्लॉपी निमूट वाचू लागली.

११ ऑक्टोबर

नव्याला जागा हवी म्हणून जुनं पुसतोय. पाच वर्षांच्या बातम्या. एकेक उघडायची, वाचायची, पुसायची. परकी गुंतवणूक, साखर, पडलेली सरकारं. तेव्हा यातल्या प्रत्येक वाक्यावर देश उभा आहे असं वाटायचं. डिलीट दाबलं की दिवा एकदा लुकलुकतो, बस. संपूर्ण मंत्रिमंडळ एका लुकलुकीत गेलं.

पुसता पुसता डुलकी लागली. स्वप्नात मी पुण्याच्या कुठल्याशा गल्लीत, हातात डबा, आणि दारांवर नावांऐवजी नुसत्या किमान अटी लिहिलेल्या.

२० ऑक्टोबर

दिवाळी. गुलाबराव फराळाला. कांदा असा भडकलाय की हिनं चकलीच्या ताटाशेजारी एक कांदा नुसता शोभेला ठेवला. काम बंद. सीडी टेबलावर पडून आहे, तिच्यात आकाशकंदील दिसतो. बराच वेळ तेवढंच पाहत बसलो.

२५ ऑक्टोबर, रविवार

आज सुरुवात. पहिल्याच पडद्यावर नकार— आपला प्रोसेसर पात्र नाही, सेटअप बंद होत आहे. इतका सभ्य अपमान मंत्रालयाच्या पायरीवरही झाला नव्हता.

गुलाबरावांनी खिशातून चिठ्ठी काढली. त्यांच्या पुतण्यानं बंगळुरूहून फोनवर सांगितलेलं. सेटअप लिहायचं, एक जागा सोडायची, तिरकी रेघ, एन, एम. मग म्हणे ते तपासणी करतच नाही, पाहुण्याला नाव न विचारता आत घेतं. एवढंच? बापुड्या अधिकारविचाराला एवढीशी मागली खिडकी! बीजमंत्र असेच असतात. दोन अक्षरं, अर्थ विचारायचा नाही.

दाबलं. आणि चक्क पुढे गेलं.

मग दुपारभर निळा पट्टा. मुंगी साखर नेते तसा सरकत होता. मी खुर्ची बाल्कनीच्या दारात ओढली. एक डोळा पट्ट्यावर, दुसरा बाहेर. काशगवताचे पांढरे तुरे फुलले आहेत. त्यांच्यामागे क्रेन, क्रेनवर एक घार. घारीखाली नवं शहर हळूहळू कॉपी होतंय. मला वाटलं, हा पट्टा संपूच नये. संपेपर्यंत तरी कुणी कुठे जात नाही.

पट्टा संपत आला आणि वीज गेली! ओरडलो असेन. सगळ्या सोसायटीतून एकच आवाज उठला— "गई!" ही आतून आली. अंधाऱ्या पडद्यापुढे उभी राहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

"फार लागतंय का हो मनाला?"

"तू इथे एकटी राहिलीस तर?"

 खांद्यावरचा हात तिनं काढला नाही.

२६ ऑक्टोबर

वीज पहाटे आली. संगणक सुरू केला. काल अर्धवट राहिलेलं पुढे नेऊ का, असं त्यानंच विचारलं. इतका समजूतदारपणा माझ्यात नाही. हो म्हटलं.

१ नोव्हेंबर, रविवार

चाललं! पडद्यावर विंडोजचे ढग आले. पाकिटावर छापलेल्या साऱ्या अटी मोडून, माझ्या पात्रताहीन, म्युझियमयोग्य यंत्रावर आभाळ! गुलाबरावांनी मला मिठी मारली. ही दारातून पाहत होती. "झालं म्हणजे?" म्हणाली. गुळाचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला, गुलाबरावांच्याही. संगणकाला नाही. शहाणी झाली आहे.

१५ नोव्हेंबर

वेग म्हणाल तर ध्यानस्थ. एक खिडकी उघडायला सांगितली की आतून विचार केल्याचा आवाज येतो, मग कडेकडेनं चौकट, मग पार्श्वभूमी, मग अक्षरं. तेवढ्यात चहा होतो. 'अ' दाबावा, बाहेर पाहावं, वळून बघावं तर 'अ' आलेला असतो. गंमत म्हणजे माझी वाक्यं सुधारली आहेत. जो शब्द यायला इतका वेळ लागतो तो उगीच बोलवावासा वाटत नाही.

सकाळी धुकं. समोरच्या इमारती गेल्या. फक्त क्रेनचं टोक तरंगतंय.

२२ नोव्हेंबर

ही हल्ली गप्प असते. विचारलं. "ऑफिसात काम आहे," म्हणाली. मार्च नाही, संसद भरलेली नाही. कसलं काम? पण मी विधानसभा निवडणुकीच्या धावपळीत. पुढे विचारलं नाही.

३० नोव्हेंबर

गुलाबरावांचा मोडेम किंचाळला, खाकरला, शांत झाला. पहिली ई-मेल कॉपी गेली. कांद्यावर. थोड्या वेळानं आशयचा फोन— "सर, आली! एकही अक्षर तुटलेलं नाही! कुठलं मशीन घेतलंत?"

"आहे घरातलंच."

"मग दिल्ली तुमचीच, सर. पुण्याचा विषय बंद."

ही बसमधून उतरायची वाट पाहत खाली फाटकाशी उभा राहिलो. कॉलेजातल्यासारखा. उतरली तशी सांगितलं— राहिलो इथेच! तिनं माझ्याकडे पाहिलं, पर्स एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "चला," म्हणाली, "धुकं लागेल."

२ डिसेंबर

जेवणं झाल्यावर म्हणाली, "अहो, माझी बदली झाली. पुण्याला. मीच मागितली होती, सप्टेंबरात. तुम्ही तिथे एकटे पडाल म्हणून." मी म्हटलं, मग काय, नाकारता येते की! आता यंत्र चालतंय. तिनं ताटं गोळा केली. मोरीशी गेली, परत आली. "तुमच्यासाठी मागितली होती, खरंच. पण काल ऑर्डर हातात आली, वाटलं, तिथे संध्याकाळ तरी होईल, आणि कळलं— मला जायचंय."