गल्लीतली भुलाबाई

जठारपेठ, अकोला
२० सप्टेंबर २०२५

प्रिय आईस दीपमालाचा नमस्कार.

इतके दिवस लिहिलं नाही, माफ कर. काही चांगलं सांगण्याजोगं घडायची वाट पाहत होते.

तुझ्या गळ्यातली सोन्याची पोत चोरांनी ओढली, त्या गल्लीच्या भिंतीवर आम्ही बायकांनी उन्हाळ्यात भुलाबाई-भुलोजी रंगवले. भोळ्या शंकराच्या, म्हणजे भुलोजीच्या, मिशा माझ्या हातच्या! चित्र पाहायला बाया थांबू लागल्या, मग बसू लागल्या. आता तर भुलाबाईचा महिना, रोज दिवेलागणीला तिची गाणी आणि खिरापत. तेव्हापासून एकाही बाईची पोत गेली नाही. श्रेय चित्राचं की माणसांचं, कोण जाणे. पण छाती फुगते खरी.

बाया चित्रालाच कुंकू लावतात. रंग खराब होतो म्हटलं, तर शेजारच्या गोदाबाई म्हणाल्या, "मंग तिचं कपाय मोकयं ठेवू का? रंग तू लावजो पुन्हा, मास्तरीण!"

बाबांचा गुडघा कसा आहे? तू अजून झोपेत दचकतेस का? कोजागिरीला तुला इकडे बोलवायचं आहे. पण त्या गल्लीत मी नेहमी घोळक्यात असते. एकटीला कसं वाटतं, ते मला ठाऊक नाही.

तुझी,
दीपा

ता. क. माझं उद्याचं काम: गाणी संपून सगळ्या घरी गेल्या की पोत घालून गल्लीतून एकटीनं चालत जायचं, मगच तुला बोलवायचं.