न्यायला आलेलं माणूस

सोमवार, ३ तारीख
आलो एकदाचे. मुलाला इथे देखरेखीचं काम लागलं, राहायला मागच्या तीन खोल्या. खिडक्या मोठ्या, नळाला पाणी भरपूर. पूर्वी इथे वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणे, आता वसतिगृह होणार. मी म्हटलं, बरं झालं, आपल्याला फार बदलावं लागणार नाही. सून एवढी हसली की हातातली बशी फुटली. ही वही नातीची, अर्धी कोरी होती. दुसरीत शाळा सुटली माझी, पण लिहिते. कोण तपासणार आहे?

बुधवार, ५
मुलानं कपड्यांची खोली आवरायला दिली. छतापर्यंत गाठोडी. म्हणाला, बाई दाखल झाली की तिचे अंगावरचे कपडे धुऊन, बांधून, चिठ्ठी लावून ठेवायचे. घरचं माणूस न्यायला आलं की त्याच्याच हातात द्यायचे. मी विचारलं, मग एवढी उरली कशी? खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवून तो निघून गेला. चिठ्ठीवर दोन ओळी: कोणाचं, आणि कोणी पाठवलं. नवरा. भाऊ. मुलगा. नवरा. एकेकाला शिव्या घालत बावीस लावली.

शुक्रवार, ७
निळा स्वेटर. मीच विणलेला, डावी बाही आखूड. माझ्या नणंदेचा. कोणी पाठवलं: वहिनी.
लिहूनच टाकते. दिवा माझ्या हातून कलंडला होता. पडदे पेटले, सासूबाई ओरडल्या कोणी केलं हे, आणि मी तिच्याकडे बोट दाखवलं. ती एकटीच हसायची, स्वतःशी बोलायची, सगळ्यांना पटलं. इस्पितळाची गाडी आली. कुठे नेताय, एवढंही विचारलं नाही मी. म्हणून तर इथे दात काढत राहायला आले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, तिच्याच पाठीवर वाढलेला. त्याला सांगितलं, आत्या तापानं गेली. अजून तिच्या आठवणी काढतो, मी मान खाली घालून भाजी निवडते. कळलं तर माझं तोंड बघणार नाही. स्वेटर सगळ्यांत खाली कोंबला.

शनिवार, ८
सकाळी स्वेटर सगळ्यांत वर. उबदार, आत्ताच कोणी अंगातून काढल्यासारखा. सुनेवर खेकसले. ती म्हणाली, खोलीची किल्ली तुमच्याच कमरेला आहे की.

सोमवार, १०
बावीस गाठोडी रिकामी. भर दुपारी व्हरांड्यातल्या बाकांवर बायका — आपापल्या कपड्यांत, दाराकडे तोंड करून. सून त्यांच्यामधून बादली घेऊन गेली. तिला दिसत नाहीत. मी गेले तर सगळ्या माना वळल्या. आशेनं. मग परत दाराकडे —

मंगळवार
टोकाला ती. निळा स्वेटर. एकही केस पिकलेला नाही. म्हणाली, उशीर केलास वहिनी. रागानं नाही. रागावली असती तर बरं —

बुधवार
माझ्या मागोमाग घरात आली. कॉटवर बसलीये. मुलगा दारात — हातातलं सगळं खाली पडलं त्याच्या. त्याला दिसतेय! विचारतोय, आई, ही कोण, आत्यासारखी का दिसते. ती माझ्याकडे बघतेय. मला आवाज फुटत नाही. लिहून वहीच पुढे करते —
बाळा, ही तुझी आत्याच. तापबिप काही नाही. हिला मी